बातमीदारी सोडून जनसंपर्कात यावे का?

पुण्यातील एका मराठी दैनिकात पाच वर्षे शिक्षण आणि महापालिका हे दोन बीट, म्हणजे बातम्यांसाठी नेमून दिलेले विषय, सांभाळणाऱ्या एका तरुण बातमीदाराला जनसंपर्क एजन्सीकडून नोकरीचा प्रस्ताव आला आहे. या क्षेत्रात दीर्घकाळ टिकता येते का, 'पब्लिक अफेअर्स' या नावाखाली नेमके कोणते काम करावे लागते, इंग्रजीच्या वर्चस्वात मराठीत घडलेल्या माणसाला किंमत मिळते का, आणि पोटासाठी खोटे बोलावे लागेल का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत. मी याच शहरात उपसंपादक म्हणून सुरुवात केली, नंतर एका कारखान्यात, मग एजन्सीत आणि गेली बारा वर्षे सल्लागार म्हणून जनसंपर्काचे काम करत आले आहे. त्यामुळे उत्तर जरा विस्ताराने देते.

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. या व्यवसायात थेट खोटे बोलायला सहसा कोणी सांगत नाही. सांगितले जाते ते असे: हा शब्द जरा सौम्य करा, तो आकडा उद्या देऊ, एवढे वाक्य तूर्त वगळा. खोटेपणा शिरतो तो याच वाटेने, आणि तो शिरताना आपल्याला कळतही नाही. माझ्या बाबतीत तो एका शब्दाच्या रूपाने शिरला.

कारखान्यात नोकरीला लागून मला आठ महिने झाले होते. भोसरीच्या बाजूला सुटे भाग बनवणारी ती कंपनी होती. एका संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास पॉवर प्रेसवर, म्हणजे धातूचा पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर, अपघात झाला आणि आठ वाजता एका बातमीदाराचा फोन आला. मी कारखान्याच्या प्रमुखांना विचारले. ते म्हणाले, "किरकोळ अपघात आहे, कामगारावर उपचार सुरू आहेत, एवढंच लिहा." किरकोळ म्हणजे काय, असे मी विचारले, जिवाला धोका नाही, असे उत्तर मिळाले. मी तसेच लिहिले आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रेसनोट सहा वृत्तपत्रांना फॅक्स केली. दोघांनी ती जशीच्या तशी लावली. सकाळी त्या कामगाराचा मेहुणा हातात वर्तमानपत्र घेऊन फाटकावर आला. उजव्या हाताची तीन बोटे गेली होती. तो पहारेकऱ्याला विचारत होता, "हे कुणी लिहिलं? बोटं गेली ती किरकोळ?" मी फाटकाच्या आतल्या बाजूला दहा पावलांवर उभी होते.

त्या प्रसंगाचा मी पुढे पुष्कळ विचार केला. कारखान्याचे प्रमुख मला फसवत नव्हते. त्यांच्या लेखी अपघातांच्या दोनच जाती होत्या, माणूस दगावला किंवा वाचला, आणि वाचला म्हणजे किरकोळ. कारखान्याच्या आत त्या शब्दाला तोच अर्थ होता. फाटक ओलांडून बाहेर पडताच त्याचा अर्थ बदलला, आणि तो बदल ओळखण्यासाठीच मला पगार मिळत होता. जनसंपर्क हे उंबरठ्यावरचे काम आहे, असे मला तेव्हापासून वाटते. आतले बोलणे बाहेरच्याला कसे ऐकू येईल हे आतल्यांना वेळेत सांगायचे, आणि बाहेर काय बोलले जात आहे ते, कितीही कडू असले तरी, निर्णय होण्यापूर्वी आत पोहोचवायचे. पत्रके, परिषदा, मुलाखती ही सगळी त्यानंतरची कामे.

त्या रात्रीची प्रेसनोट कशी असायला हवी होती तेही सांगते. प्रेस शॉपमध्ये सव्वासातच्या सुमारास अपघात झाला. एका कामगाराच्या उजव्या हाताला गंभीर दुखापत झाली असून शस्त्रक्रिया सुरू आहे. त्याच्या कुटुंबीयांना कळवले आहे. त्या यंत्रावरील काम थांबवले आहे. कारखाने अधिनियम, 1948 नुसार संबंधित कार्यालयाला अपघाताची सूचना दिली आहे. कारण अद्याप निश्चित झालेले नाही. पुढील माहिती साडेदहा वाजता देऊ. एवढी सात वाक्ये पुरेशी होती. त्यांत 'किरकोळ' नाही, 'दुर्दैवी' नाही, आणि 'कंपनी सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य देते' हेही नाही, कारण ज्या रात्री बोटे गेली त्या रात्री ते वाक्य वाचणाऱ्याला जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते. मात्र ही सात वाक्ये लिहिण्यापूर्वी मी पाळीच्या पर्यवेक्षकाशी आणि डॉक्टरांशी स्वतः बोलायला हवे होते. ते मी केले नाही, आणि बातमीदारीतून आलेल्या माणसाने ते न करण्याला सबब नाही. ज्या बातमीदाराने फोन केला होता त्याने पुढची दीड वर्षे माझी प्रत्येक नोट दुसऱ्या कुणाकडून तरी खात्री करून घेतल्याशिवाय लावली नाही. त्याचे बरोबरच होते.

नंतर मी व्यवस्थापनाकडे एकच मागणी लावून धरली: अपघाताची नोट लिहिण्यापूर्वी पर्यवेक्षक, डॉक्टर आणि कामगार संघटनेचा प्रतिनिधी या तिघांशी थेट बोलण्याची मुभा मला हवी. ती मिळायला सात महिने लागले. पदनाम तेच राहिले, पगारही तोच. तरी माझ्या नोकरीतील पहिली खरी बढती मी तीच मानते. या क्षेत्रातली प्रगती मोजायची असेल तर निर्णय ज्या खोलीत होतात त्या खोलीपासून आपण किती अंतरावर आहोत ते पाहावे. निर्णय झाल्यावर 'आता याची एक छान नोट करा' म्हणून कागद हाती येत असेल, तर व्हिजिटिंग कार्डवर व्हाइस प्रेसिडेंट छापलेले असूनही आपण अजून दाराबाहेरच आहोत.

संकटाच्या वेळी हे अंतर किती महाग पडते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण 2003 मधील आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कच्या काही वड्यांमध्ये अळ्या सापडल्या. कंपनीने सुरुवातीला दुकानांमधील साठवणुकीकडे बोट दाखवले, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने वेष्टनाचा मुद्दा पुढे आणला. तांत्रिकदृष्ट्या कोणाचे किती बरोबर होते यावर वाद घालता येईल. ग्राहकाला मात्र वडी कोणाच्या फडताळात पडून होती याच्याशी कर्तव्य नव्हते. नाव कंपनीचे होते. पुढे कंपनीने विक्रेत्यांना साठवणुकीचे प्रशिक्षण दिले, जानेवारी 2004 मध्ये नवे, अधिक बंदिस्त वेष्टन बाजारात आणले आणि त्यानंतर अमिताभ बच्चन यांना घेऊन जाहिराती केल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे: आधी वस्तू बदलली, मग बोलणे सुरू झाले. नव्या उमेदवारांना जाहिरात लक्षात राहते आणि वेष्टन विसरले जाते.

आता भाषेविषयी. मराठीत घडलेल्या माणसाला किंमत आहे का, या प्रश्नात जी धाकधूक आहे ती मी समजू शकते, कारण पुण्यातल्या बहुतेक एजन्सींमध्ये बैठका इंग्रजीत चालतात आणि मराठी नोट ही इंग्रजी नोटचे भाषांतर म्हणून रात्री आठ वाजता कुणाकडून तरी करून घेतली जाते. त्या भाषांतरात 'समाजातील वंचित घटकांच्या सक्षमीकरणासाठी कटिबद्ध' अशी वाक्ये येतात आणि उपसंपादक ती वाचताच कापतो. तुम्ही पाच वर्षे दुसऱ्या बाजूला बसला आहात. डाक आवृत्तीची, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाची, पाने छपाईला लवकर सुटतात, शेवटचे परिच्छेद आधी कापले जातात, आणि 'कंपनीने कळवले आहे' या वाक्याखाली फोन क्रमांक आणि बोलू शकणारा माणूस नसेल तर बातमी आतल्या पानावर जाते, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको. ही शिदोरी मोठी आहे. इंग्रजी सफाईने वाचता आणि साधे, चूक न करता लिहिता आले पाहिजे. तेवढे दोन वर्षांच्या सरावाने येते. मराठीची जाण मात्र अशी उशिरा शिकून येत नाही.

भाषेचे काम म्हणजे अलंकार नव्हेत, हे या शहराला पावसाळ्यात दरवर्षी कळते. खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडले की विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये जाहीर होतो. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर, हे अभियंत्याला माहीत असते. नदीकाठच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या आजोबांना त्या आकड्यावरून आपली गाडी हलवायची की नाही ते ठरवता येत नाही. 'भिडे पूल पाण्याखाली गेला' हे वाक्य त्यांना तत्काळ कळते, कारण ती पातळी त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. 25 जुलै 2024 रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हापासून मी प्रशिक्षणवर्गात एक अभ्यास देते: विसर्गाचा सरकारी संदेश घ्या आणि तो एका विशिष्ट इमारतीतील, एका विशिष्ट मजल्यावरील माणसासाठी तीन ओळींत लिहा. कोणत्या रस्त्यापर्यंत पाणी येऊ शकते, किती वाजेपर्यंत, आणि त्याने आत्ता काय करायचे. चांगली इंग्रजी येणारी मुलेही येथे अडखळतात, कारण आधी ती जागा माहीत असावी लागते.

सरकारी जनसंपर्क हाही रस्ता आहे, आणि त्याला कमी लेखू नये. राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, त्याचे 'लोकराज्य' मासिक, जिल्हा माहिती अधिकाऱ्यांची पदे, महापालिकांचे जनसंपर्क विभाग या ठिकाणी मराठी हीच कामाची भाषा आहे. पुण्यात पत्रकारिता शिकवणाऱ्या रानडे इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेली अनेक मुले तिकडे गेली आणि त्यांनी चांगले काम केले. तेथील मर्यादा वेगळ्या असतात. त्या तुम्ही महापालिका बीटवर पाहिलेल्याच आहेत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण माझ्या मते पुढील वीस वर्षांचे खरे काम तेथे आहे. पब्लिक अफेअर्स म्हणजे शासन, विधिमंडळ, नियामक संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था आणि नागरिकांच्या संघटना यांच्याशी एखाद्या उद्योगाचे किंवा संस्थेचे जे नाते असते ते सांभाळणे. बाहेरून पाहणाऱ्याला ते ओळखीपाळखीचे काम वाटते. प्रत्यक्षात ते वाचनाचे आणि लेखनाचे काम आहे. राजपत्रात नियमांचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचनांसाठी मुदत दिलेली असते, आणि त्या मुदतीत जो दोन पानांचा नीट कागद देतो त्याचे म्हणणे फाइलवर येते. मुदत टळल्यावर सचिवांची भेट मागणाऱ्याला चहा मिळतो, बदल मिळत नाही. मंत्रालयात टिप्पणी लिहिणारा कक्ष अधिकारी किंवा अवर सचिव यांना चार गोष्टी हव्या असतात: कोणते कलम, त्यात नेमका कोणता बदल, तो का, आणि त्याने कोणाचे नुकसान होईल. चौथी गोष्ट बहुतेक उद्योग लपवतात. मी ती नेहमी लिहिते. नुकसान आपणच सांगितले की समोरचा माणूस बाकीचा कागद विश्वासाने वाचतो, आणि तसेही ते कोणी ना कोणी सांगणारच असते.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 पासून राज्यकारभाराची भाषा मराठी आहे. शासन निर्णय मराठीत निघतात, टिप्पण्या मराठीत लिहिल्या जातात. दिल्ली-मुंबईहून तयार होऊन आलेले चाळीस पानांचे इंग्रजी निवेदन आणि त्यासोबत जोडलेली दोन पानांची चोख मराठी टिपणी यांपैकी काय वाचले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने मुंबईला जाताना गाडीतच मी ती टिपणी शेवटची तपासते, आणि एखादा पारिभाषिक शब्द शासनाच्या वापरातला आहे की माझ्या मनाचा, एवढे आवर्जून पाहते. विधिमंडळ अधिवेशनाच्या काळात तर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना लागली, म्हणजे आमदाराने विचारलेल्या विषयावर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यायचे असले, की विभागाचा फोन रात्री येतो आणि माहिती सकाळी आठपर्यंत हवी असते. त्या वेळी 'व्यवस्थापनाला विचारून सांगते' असे म्हणणाऱ्याचा पुढच्या वेळी फोन वाजत नाही. उद्योगजगत एकत्रितपणे शासनाशी कसे बोलते हे शिकायचे असेल तर 1934 पासून पुण्यात काम करणाऱ्या मराठा चेंबर या उद्योग-व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या समित्यांमध्ये जाऊन मागच्या रांगेत बसावे. लघुउद्योजक आणि मोठे उद्योग यांचे हितसंबंध एकाच टेबलावर कसे वेगळे पडतात, ते तेथे कळते.

या कामातील एक दिवस जवळून दाखवते. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी घ्यावी लागते. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती आयोजित करते, किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आधी उपलब्ध असावा लागतो. शिरूर तालुक्यात, एमआयडीसीच्या हद्दीबाहेर, एका कारखान्याच्या विस्ताराची अशी सुनावणी होती. मांडवात तीनशे माणसे होती. तज्ज्ञांनी पडद्यावर दाखवले: 'भूजल पातळीवर नगण्य परिणाम.' पन्नाशीच्या एक बाई उठल्या, माइक न घेता म्हणाल्या, "आमची विहीर मार्चात आटते. तुमचं बोअर आमच्या बांधापासून किती लांब आहे?"

तज्ज्ञ म्हणाले, अहवालात आहे. अहवाल 200 पानांचा होता. मी उठून कारखान्याच्या अभियंत्यांकडे गेले, ते हळू आवाजात म्हणाले, "साडेतीनशे मीटर असावं." तो 'असावं' मला भोसरीच्या 'किरकोळ'ची आठवण करून देऊन गेला. मी व्यवस्थापनाच्या परवानगीची वाट न पाहता अभियंत्यांना सुचवले, आणि त्यांनी ते मान्य करून माइकवर सांगितले, की खात्रीचा आकडा आत्ता आमच्याकडे नाही. आठ दिवसांत गावकऱ्यांसमोर मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू. सुनावणीच्या शेवटी इतिवृत्त तेथेच सर्वांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवण्याचा नियम आहे. त्यात हे आश्वासन आले. मोजले तेव्हा अंतर 210 मीटर भरले. आम्ही 210 लिहिले. त्यानंतर कंपनीच्या आत जी बैठक झाली ती माझ्यासाठी सोपी नव्हती, आणि त्या बोअरचा वापर कमी व्हायला दीड वर्ष गेले. विहिरीचा प्रश्न पूर्णपणे सुटला असे मी म्हणणार नाही. परंतु त्या गावात पुढे आम्ही कोणताही आकडा सांगितला की लोक तो ऐकून घेत, वाद घालत, आणि बोलणे चालू राही.

येथेच एक गोष्ट कडकपणे सांगते. शासनाकडे बाजू मांडणाऱ्यांची नोंदणी करणारा कायदा भारतात नाही, त्यामुळे मर्यादा आपल्या आपणच आखाव्या लागतात. मी प्रत्येक भेटीची नोंद ठेवते: तारीख, कोणाला भेटले, कोणता कागद दिला. माहिती अधिकार अधिनियम, 2005 खाली तो कागद उद्या कोणीही मागू शकतो, हे गृहीत धरूनच तो लिहिते. पाकीट, भेटवस्तू, कोणाच्या नातेवाइकाला नोकरी, यांपैकी काहीही नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनंतर आपल्या माणसाने दिलेल्या लाचेसाठी कंपनीलाही जबाबदार धरता येते, हे व्यवस्थापनाला सांगायला सोपे जाते. पण कायदा नसता तरी उत्तर तेच असायला हवे. वृत्तपत्रांच्या बाबतीतही हेच. 2009 च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजची जी उघड चर्चा झाली तिने या राज्यातील पत्रकारितेचे आणि जनसंपर्काचे, दोघांचेही नाव खराब झाले. पैसे देऊन लावलेली बातमी ही जाहिरातच असते, आणि ती जाहिरात म्हणूनच छापली गेली पाहिजे.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत गेलात तर सेबी या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचे नियम पहिल्याच आठवड्यात वाचा. भावावर परिणाम करू शकेल अशी माहिती आधी शेअर बाजाराला द्यावी लागते, मग माध्यमांना. जुन्या सहकाऱ्याला मैत्रीत सांगितलेले एक वाक्य दोघांनाही गोत्यात आणू शकते.

कामाचे मोजमाप हा वेगळाच विषय आहे. मी एजन्सीत असताना महिनाअखेरीस कात्रणे टेबलावर पसरून स्टीलच्या पट्टीने स्तंभाची लांबी मोजली जाई, ती जाहिरातीच्या दराने गुणली जाई, आणि येणारी रक्कम क्लायंटला 'मिळवून दिलेले मूल्य' म्हणून सांगितली जाई. जनसंपर्क मोजणाऱ्या व्यावसायिकांनी 2010 मध्ये बार्सिलोना येथे ठरवलेल्या तत्त्वांत ही पद्धत स्पष्टपणे नाकारली गेली, तरी ती अजून सर्रास चालते. एका क्लायंटने पावसाळ्यात टेकडीवर 500 रोपे लावली आणि आम्ही त्याच्या नऊ बातम्या लावून घेतल्या. पुढच्या मे महिन्यात एका निवृत्त गृहस्थांचे पत्र आले. ते रोज सकाळी टेकडीवर फिरायला जात. त्यांनी ओळीने मोजून पाहिले होते आणि 62 रोपे जिवंत होती. पत्रात तक्रारीचा सूरही नव्हता, फक्त आकडा आणि कोणत्या बाजूची रोपे गेली त्याचा हाताने काढलेला नकाशा होता. पट्टीने मोजलेल्या आमच्या आकड्यापेक्षा तो नकाशा कितीतरी अधिक खरा होता. मी तो क्लायंटच्या बैठकीत टेबलावर ठेवला. पुढच्या वर्षी रोपे 80च लावली, पण उन्हाळाभर पाण्याचा टँकर आणि एक माळी यांची तरतूद केली. बातमी एकच लागली. पुण्याचा वाचक असा आहे, तो वर्तमानपत्र वाचून थांबत नाही, जाऊन पाहतो. आणि ज्याला येथे काम करायचे आहे त्याने त्याला आपल्या बाजूचा माणूस मानावे.

आता व्यवहाराचे. एजन्सीत पहिली तीन वर्षे काढणे चांगले, कारण सहा-सात प्रकारचे उद्योग एकदम पाहायला मिळतात आणि हात चालायला लागतो. मात्र तेथे रोजचा तगादा 'किती बातम्या लागल्या' हाच असतो, आणि पाच वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले तर माणूस कात्रणांच्या भाषेतच विचार करू लागतो. त्यानंतर एखाद्या कंपनीत किंवा संस्थेत जावे, जेथे एकाच विषयात खोल उतरता येते. पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1958 पासून आहे आणि 21 एप्रिल हा दिवस ती राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळते, कारण 1968 मध्ये त्या दिवशी भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहिता स्वीकारली गेली. तिच्या कार्यक्रमांना जावे, पण ती संहिता आधी वाचावी. तुमच्या वृत्तपत्रातील मित्रांना पहिल्याच दिवशी एकदा सांगून टाका की बातमी लावा म्हणून मी कधी मैत्रीचा आधार घेणार नाही, तुम्हीही माझ्या क्लायंटची बातमी मैत्रीखातर सोडू नका. हे बोलायला अवघड जाते, परंतु नंतर दोन्ही बाजूंना फार सोपे होते.

सध्याच्या प्रस्तावाबद्दल म्हणाल तर पगाराची बोलणी होण्यापूर्वी एजन्सीच्या प्रमुखांना तीन गोष्टी विचारा. तुमच्या क्लायंटपैकी कोणावर तरी अलीकडे वाईट बातमीची वेळ आली असेल. त्या दिवशीची नोट कोणी लिहिली? ती लिहिण्यापूर्वी लिहिणारा घटनास्थळी असलेल्या माणसाशी स्वतः बोलला होता का? आणि नोटमधील एखादा शब्द खरा नाही असे तुमच्या माणसाने म्हटले, तर शेवटचा निर्णय कोणाचा असतो? उत्तरे देताना ते थांबून, आठवून, नावे वगळून प्रत्यक्ष प्रसंग सांगू लागले, तर जा. 'आमचे सगळे क्लायंट उत्तम आहेत, तशी वेळच येत नाही' असे लगेच म्हणाले, तर महापालिकेचे बीट आणखी एक वर्ष करा. अर्थसंकल्पाचे अधिवेशन जवळ येईल तेव्हा तुम्हाला पुन्हा विचारणा होईलच, आणि तोवर शासन निर्णय रोज वाचण्याची सवय तरी लागलेली असेल.